त्या सकाळचा भोंगा

१

भोंगा असा किंचाळला, की पत्र्याची दारं बनवणाऱ्या त्या कारखान्यातल्या सगळ्यांचे हात कानांवर गेले. त्यामुळे त्यानंतरचा आवाज फार थोड्यांनी ऐकला. ज्यांनी ऐकला, त्यांना तो सांगता येईना. काहीतरी ओलं फुटलं, एवढंच ते म्हणत आणि भिंतीकडे बघत.

मुकादम पिंजऱ्यात होते. पिंजरा म्हणजे जाळीचं कुंपण, आणि आत माणसाच्या दुप्पट उंचीचा लोखंडी हात. पत्रा उचलायचा, दाबयंत्राखाली ठेवायचा, एवढंच त्याचं काम. रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी मुकादम जाळीचं दार उघडून आत जायचे आणि त्या हाताच्या पंज्यात अडकलेले पत्र्याचे कपचे ब्रशने काढायचे. त्या सकाळी हात गरकन वळला. त्याने मुकादमांना छातीशी धरलं, खांबावर नेऊन चेपलं आणि मग पुन्हा एकदा चेपलं. पत्रा नीट बसला नाही तर दुसऱ्यांदा दाब द्यायचा, असं त्याला शिकवलेलं होतं.

ब्रश जाळीबाहेर उडाला तो घाईसाहेबांच्या पायाशी येऊन पडला. आणि घाईसाहेबांचं बोट अजून हिरव्या बटणावर होतं.

घाईसाहेब म्हणजे उत्पादनाचे प्रमुख. जेवतानाही एक पाय टेबलाबाहेर ठेवणारा माणूस. मुकादम आत गेले रे गेले, की हे हिरवं बटण दाबायचे. दार उघडं असताना बटण दाबलं तर हात हलत नसे. भोंगा तेवढा खाकरल्यासारखा वाजे आणि आतून मुकादम ओरडत, "दाब, दाब, तुझ्या सासऱ्याचं आहे ते बटण." सगळे हसत आणि दिवस सुरू होई. वर्षानुवर्षं ही थट्टा चालली होती, आणि एवढ्या वर्षांत कोणाच्या अंगावर ओरखडाही उठला नव्हता.

आता मात्र कामगारांनी ते बोट पाहिलं आणि पुढचा काही वेळ थट्टेचा राहिला नाही. साहेबांचा एक दात जमिनीवर पडला. कानाची पाळी फाटली. कोणीतरी त्यांचं डोकं जाळीवर आपटत होतं. वायरमन मध्ये पडला नसता, तर त्या दिवशी दोन प्रेतं उचलावी लागली असती. साहेबांनी हात वर केला नाही. रक्त गिळत ते एवढंच म्हणत राहिले, "मारा. मीच दाबलं."

खरं होतं. बटण त्यांनीच दाबलं होतं. पण हात का हलला?

२

हे विचारायला दुसऱ्या दिवशी सरकारी निरीक्षकबाई आल्या. पर्समध्ये एक बारीक चिमटा बाळगणाऱ्या. यंत्राच्या फटीत काही सापडलं की त्या चिमट्याने उचलत, आणि समोरच्याच्या बोलण्यात काही सापडलं की जिभेने. कारखान्या-कारखान्यांतून त्यांचं नाव चिमटाबाई पडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि बहुधा आवडतही होतं.

बाईंना माणसांचा जमाखर्च मनात मांडायची खोड होती. कोणी काय दिलं, काय राखलं, काय न मागता पुढे केलं. न मागता पुढे केलेल्या गोष्टीवर त्यांची नजर जरा जास्त रेंगाळायची.

त्यांनी सुरुवात घाईसाहेबांपासून केली. साहेब स्वतःच्या खोलीत, उजवा हात मांडीखाली दाबून बसले होते. दिव्याचं बटणसुद्धा त्यांनी डाव्या हाताने दाबलं. बाईंनी आधी त्यांना मनसोक्त झापलं. आत माणूस असताना बटणाशी खेळणारे तुम्ही, आणि यंत्र पूर्ण बंद न करता आत जाणारे मुकादम, दोघांनाही वर्षभर घरी बसवायला हवं होतं, असं सुनावलं. साहेबांनी ते प्रसादासारखं घेतलं. मग बाईंनी विचारलं की काल रोजच्यापेक्षा वेगळं काय घडलं.

"भोंगा," साहेब म्हणाले. "रोज खाकरतो. काल बोंबलला. मी दचकलो, म्हणून बोट तिथेच राहिलं."

तिथून बाई वरच्या खोलीत गेल्या. यंत्राला काय करायचं ते सांगणारे प्रोग्राम या खोलीत लिहिले जात. दोन टेबलं, काचेची भिंत आणि काचेखाली थेट पिंजरा. एका टेबलाशी मुकादमांची मुलगी बसली होती. दुसरं टेबल तिच्या नवऱ्याचं. कारखाना त्याला जावईबापू म्हणे. खुद्द मुकादमांनीच त्याला हे नाव दिलं होतं, लग्न ठरलं त्या दिवशी, सगळ्यांसमोर, पाठीत धपाटा घालून.

जावईबापू आपल्या टेबलाशी नव्हते. बायकोच्या खुर्चीमागे उभे होते.

बाई काही विचारणार, तोच त्यांनी सगळं सांगून टाकलं. हाताच्या सेटिंगमध्ये "दार उघडं असेल तर थांब" अशी एक ओळ हवी. मागे एका कामगाराचा पंजा तुटला, तेव्हा मुकादमांनी हट्टाने ती ओळ मुलीकडून लिहून घेतली होती. आज ती तिथे नाही. परवा संध्याकाळी ती काहीतरी बदलत होती, त्यात चुकून पुसली गेली असणार.

मुलीने मान हलवली. "मीच विसरले असेन," ती म्हणाली. आवाज असा, की बोलणारी दुसरीच कोणी असावी. "मला आठवत नाही. पण ओळ नाहीये. म्हणजे मीच बाबांना..."

"चूक माणसाकडूनच होते," जावईबापू म्हणाले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "दुपारी पोलीस जबाब घ्यायला येतील. खरं ते सांगून टाकायचं. कोणी काही म्हणो, मी आहे तुझ्या पाठीशी."

हात पडला तसा तो खांदा खाली गेला. बाईंनी ते जमेला धरलं.

काल अपघात झाला तेव्हा आपण कुठे होतात, असं बाईंनी सहज विचारल्यावर जावईबापूंनी सांगितलं की सगळे धावले तसे तेही धावले. ही तर वडिलांना बघून कोसळलीच होती. त्यांनी तिला पाणी पाजलं.

"धावतानाही पाणी घ्यायचं सुचलं," बाई म्हणाल्या. "असा नवरा मिळायला भाग्य लागतं."

जावईबापूंनी नम्रपणे मान झुकवली. टेबलावर मुलीची निळी बाटली होती, झाकणावर वाळलेल्या रक्ताची बोटं उमटलेली.

"ही बाटली काल तुम्ही खाली नेली होतीत?"

"हो, हीच," ते म्हणाले.

बाईंनी बाटलीकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग खालच्या पिंजऱ्याकडे. आणि यंत्राचे कागद हुडकायला त्यांनी जावईबापूंना तळघरात पाठवलं. तिथे कागद नव्हते, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

३

"आता मला अडाणी समजून सांग," बाई मुलीजवळ खुर्ची ओढत म्हणाल्या. "हात कोणाचं ऐकतो?"

मुलीने कॉम्प्युटरचा पडदा वळवून दाखवला. सेटिंग दोन ठिकाणी असतात. दोन डिक्शनऱ्या. प्रत्येकीत जोड्या: डाव्या बाजूला नाव, म्हणजे ‘की’, आणि उजव्या बाजूला त्याची व्हॅल्यू. पहिली डिक्शनरी मूळची, यंत्र बनवणाऱ्यांनी दिलेली. दुसरी दुरुस्त्यांची, इथल्या कामासाठी केलेली. रोज सकाळी यंत्र चालू झालं की प्रोग्राम दोन्ही एकत्र करतो, मर्ज करतो, आणि मग जी एक डिक्शनरी तयार होते, तिच्याप्रमाणे हात वागतो.

"आणि दोघींत एकाच नावाची जोडी असली तर? भांडण?"

"भांडण नाही. जी नंतर टाकली, तिची व्हॅल्यू राहते. आधीची पुसली जाते. यंत्र विचारत नाही, कुरकुरत नाही."

"म्हणजे थोरली जाऊ म्हणाली पडदे निळे लाव, धाकटी मागून म्हणाली पिवळे लाव. शिंपी पिवळेच लावणार."

मुलीच्या ओठांवर पुसटसं हसू आलं आणि गेलं. "हो. इथे दुरुस्ती धाकटी. ती नंतर येते, म्हणून तिचं चालतं."

बाबांचा यंत्रावर विश्वास नव्हता, मुलगी सांगू लागली. रोज आत जायच्या आधी ते खालच्या पडद्यावर दुरुस्त्यांची डिक्शनरी उघडत. बोट ठेवून "दार उघडं : थांब" वाचत. मगच जाळीला हात लावत. काल सकाळी काचेतून तिने त्यांना वाचताना पाहिलं होतं.

"वाचलं? आणि आत गेले?"

"हो."

"ओळ नसती तर गेले असते?"

कालपासून हा प्रश्न मुलीला कोणी विचारलाच नव्हता. तिने स्वतःला विचारावा, एवढी सवड तिला कोणी दिली नव्हती.

"दुरुस्त्यांमध्ये उरलंय काय आता?" बाईंनी चष्मा नाकावर खाली घेतला.

मुलीने वाचून दाखवलं. वेग : जलद. ही घाईसाहेबांच्या हट्टाची दुरुस्ती. मूळचा वेग हळू, एवढा हळू की समोरचा माणूस जांभई देऊन बाजूला होईल. आणि दुसरी ओळ, भोंगा : बारीक. ही बाबांची. खोली पिंजऱ्याच्या डोक्यावर, भोंग्याने तिचं कपाळ दुखायचं, म्हणून त्यांनी त्याचा आवाज खाली आणायला लावला होता. "मग तो खाकरल्यासारखा वाजायला लागला. बाबा घरी माझ्या खोलीत यायच्या आधी दाराशी खाकरायचे, तसा."

बाईंनी चष्मा काढला.

"पोरी, भोंग्याची दुरुस्ती जागेवर आहे. मग काल तो किंचाळला कसा?"

४

मुलगी पडद्याकडे बघत राहिली. रडून सुजलेल्या डोळ्यांमागे काहीतरी हलू लागलं. काम करणारं डोकं ते. कालपासून बंद होतं.

"मूळच्या डिक्शनरीत भोंगा मोठा आहे," ती हळूहळू म्हणाली. "तो मोठा वाजला, म्हणजे काल मूळची डिक्शनरी नंतर आली. मर्जचा क्रम उलटा होता. दुरुस्त्या सगळ्या होत्या. बाबांनी वाचली ती ओळसुद्धा होती. पण तिच्यावरून मूळची फिरली. मूळच्या डिक्शनरीत दार उघडं असेल तर फक्त भोंगा द्यायचा, थांबायचं नाही."

"म्हणजे तू ओळ विसरली नव्हतीस."

मुलीने तोंडावर दोन्ही हात दाबले. हातांमागून येणारा आवाज रडण्याचा होता की श्वासाचा, बाईंनी ठरवायचा प्रयत्न केला नाही. पण त्यांचा हिशोब अजून जुळत नव्हता.

"थांब. थोरल्या जावेचं चाललं, तर पडदे सगळेच निळे हवेत. दाराचं तिचं, भोंग्याचं तिचं. मग वेगही तिचाच हवा. हळू. जांभई देऊन बाजूला होण्याएवढा. तुझ्या बाबांना बाजूला होता आलं का?"

"नाही. गरकन फिरला तो." मुलीने मूळची डिक्शनरी उघडली आणि तिचं बोट पडद्यावर थिजलं. वेग : जलद.

"हे असं नव्हतं," ती म्हणाली.

नव्हतंच. बाई येताना पिंजऱ्यापाशी थांबून यंत्राच्या अंगावर ठोकलेली पितळी पट्टी वाचून आल्या होत्या. बनवणाऱ्याने त्यावर स्वतःचं नाव, वजन आणि वेग कोरला होता. वेग हळू.

म्हणजे कोणीतरी क्रम उलटवला होता, आणि उलटवला तर हात मंदावेल हे ओळखून मूळच्या वेगाची व्हॅल्यू आधीच बदलून ठेवली होती. चुकून हात लागणारा माणूस एवढी काळजी घेत नाही. काम झाल्यावर त्याने क्रम सरळ केला, मुलीची ओळ पुसली आणि वेग मात्र तसाच सोडला. सरळ क्रमात मूळचा वेग दिसतच नाही. वर दुरुस्तीचा जलद, खाली याचा जलद; बेरीज तीच. त्यामुळे आपण काही मागे ठेवलंय, हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

"क्रमाची ती ओळ कुठून बदलता येते?"

"या दोन टेबलांवरून फक्त."

"लिहिली कोणी होती?"

मुलीने नवऱ्याच्या टेबलाकडे पाहिलं. पाणी घ्यायला तिने हात पुढे केला तशी बाही मागे सरकली. मनगटाच्या वर चार बोटांचे डाग होते, कडेला पिवळट पडलेले, म्हणजे कालचे नव्हेत. तिने बाही घाईघाईने खाली ओढली.

"बाबांनी पाहिले होते हे?"

"परवा." ती खाली पिंजऱ्याकडे बघत म्हणाली. "त्याला म्हणाले, या आठवड्यात लेकीला घरी नेतोय. आणि का नेतोय, ते खाली सगळ्यांना सांगून नेणार."

जिन्यावर पावलं वाजली. जावईबापू कागद न सापडता परत येत होते.

५

पोलिसांना अजून अवकाश होता. बाईंनी तेवढ्यात मुलीकडून पुसलेली ओळ पुन्हा लिहून घेतली, वायरमनला घेऊन खाली काहीतरी पाहून आल्या आणि मग सगळ्यांना पिंजऱ्यापाशी बोलावलं. खांबावरचे डाग अजून पुरते निघाले नव्हते. कामगार अंतर राखून उभे होते. घाईसाहेब आले, पण उजवा हात खिशातून काढेनात.

जाळीचं दार सताड उघडं होतं. आत, लोखंडी पंजाच्या बरोबर खाली, बाईंचा चिमटा पडला होता.

"मघाशी पडला वाटतं," बाई म्हणाल्या. "जावईबापू, गुडघे दुखतात माझे. जरा आणून देता? मी इथे बटणाशी उभी राहते. खालच्या पडद्यावर बघा, तुमच्या बायकोची ओळ परत घातली आहे. दार उघडं : थांब. वाचा आणि जा."

जावईबापूंनी पडदा वाचला. जाळीपर्यंत गेले. वर त्या पंजाकडे पाहिलं. गळ्याशी घामाचा एक ओघळ आला.

"आधी क्रम बघू द्या," ते म्हणाले.

"कसला क्रम?"

"मर्जचा. कोणती डिक्शनरी नंतर येते ते."

बाई घाईसाहेबांकडे वळल्या. "साहेब, तुम्ही आत जाणार असतात तर काय बघितलं असतंत?"

"ती ओळ आहे का ते. मुकादम तेच बघायचे."

"तू, पोरी?"

"ओळच. क्रम कधी कोणी बदललाच नव्हता."

"कालपासून या कारखान्यात जो तो ओळीबद्दल बोलतोय," बाई म्हणाल्या. "ओळ हरवली, ओळ विसरली. क्रमाचं नाव कोणी काढलं नाही. ओळ समोर असूनही हात हलू शकतो, ही भीती एकाच माणसाला वाटते. ज्याने तो तसा हलवला, त्याला."

मग त्यांनी एकेक रक्कम मांडली, आवाज न चढवता. दुरुस्ती जागेवर असताना किंचाळलेला भोंगा. पितळी पट्टीशी न जुळणारा वेग. आणि पाण्याची बाटली. सगळा कारखाना पिंजऱ्याकडे धावला, तेव्हा एक माणूस उलट्या दिशेला, वर, बायकोच्या रिकाम्या टेबलाशी होता. तिचा पडदा उघडाच होता. क्रम सरळ करायला, ओळ पुसायला फार वेळ लागत नाही. खाली उशिरा पोचायचं कारण हवं म्हणून त्याने टेबलावरची बाटली उचलली.

"सासरा घालवायचा आणि त्याचा खून बायकोच्या पदरात टाकायचा. म्हणजे ती जन्मभर मान वर करणार नाही, आणि तू जन्मभर तिच्या खांद्यावर हात ठेवून उदार दिसणार. बटण दाबायचं पापही साहेबांच्या बोटावर. स्वतःच्या अंगाला काही लागू द्यायचं नाही, ही तुझी हुशारी."

"अहो-जाहो" कुठे संपलं, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्या मात्र आलं. शेजारच्या बाकावरचा पाना त्याने उचलला आणि वायरमनच्या तोंडावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज आला. दुसऱ्या हाताने त्याने बायकोचे केस मुठीत धरले, तिला फरफटत जाळीशी नेलं आणि आत ढकललं. तिचं कपाळ खांबावर आपटलं. ती पंजाखाली कोसळली. बाईंना खांद्याने उडवून त्याने हिरव्या बटणावर मूठ मारली. क्रम उलटाच ठेवला असणार, आपल्याला धरायला बाईंनी सापळा तसाच लावला असणार, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. दुसऱ्याच्या डोक्यातही त्याला स्वतःचंच डोकं दिसत होतं.

भोंगा खाकरला.

हात जागचा हलला नाही. त्याने पुन्हा मूठ मारली. पुन्हा तेच, बारीक, घोगरं. बटणाचं प्लास्टिक तडकलं, त्याच्या मुठीतून रक्त गळू लागलं, तरी तो मारत राहिला, आणि वर लोखंडी हात नुसता उभा. मग कामगार त्याच्यावर पडले. कालच्यासारखेच, पण काल माणूस चुकीचा होता. बाई जमिनीवरून उठल्या, चष्मा शोधला, पुसला, डोळ्यांवर लावला आणि मगच म्हणाल्या की पुरे, पोलिसांना ओळखू येण्याइतका शिल्लक ठेवा. त्या आणि वायरमन मघाशीच बटण दाबून खात्री करून गेल्या होत्या, हे त्यांनी नंतर सांगितलं. वायरमनने फुटलेल्या तोंडाने मान डोलावली.

घाईसाहेब बटणांपाशी आले. खिशातून उजवा हात काढला. त्यांनी यंत्र बंद करायचं लाल बटण दाबलं आणि दाबून धरलं.

पिंजऱ्यात मुलगी कपाळावरचं रक्त डोळ्यांतून पुसत गुडघ्यांवर उठत होती. तिने लिहिलेली ओळ तिच्या डोक्यावर तो हात धरून उभी होती. पण ती वर बघत नव्हती. भोंगा पहिल्यांदा खाकरला तेव्हाच तिची मान सवयीने दाराकडे वळली होती, आणि अजून तिकडेच होती.